‘दादा, लास्ट किती?’ : जुनी नाणी विकताना पडेल भाव आला तर काय करायचं

(आपल्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. ज्यांना लोकलमध्ये हेडफोन न लावता वाचायचंय त्यांच्यासाठी.)

आजचा विषय तुमच्यातल्याच अनेकांनी सुचवलेला आहे. घरात एक डबा असतो. आजीचा असतो, पणजोबांचा असतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो, त्यातले रुपये पाटावर मांडले जातात, हळदकुंकू लागतं आणि मग तो परत कपाटात जातो. कधीतरी घरात विचार सुरू होतो की यातलं थोडं विकावं. कुणाची फी भरायची असते, कुणाला लॅपटॉप हवा असतो, कुठे घराची वाटणी चाललेली असते. मग तुम्ही फोटो काढता, एखाद्या ग्रुपवर किंवा सेकंडहँड वस्तूंच्या ॲपवर टाकता. दहा मिनिटांत मेसेज येतो : ‘दादा, लास्ट किती?’ तुम्ही १५०० म्हणता, समोरून येतं ‘४०० देतो, आत्ता घेऊन जातो.’

इथे दोन गोष्टी होतात. एक तर राग येतो आणि आपण त्याला ब्लॉक करतो. किंवा मनात शंका येते की खरंच ४०० चंच असेल का, आणि आपण देऊन टाकतो. दोन्ही वेळा आपण त्या आकड्याकडे नीट बघितलेलंच नसतं. आज ते बघणं शिकूया.

कमी ऑफर म्हणजे कशापेक्षा कमी?

हा पहिला प्रश्न. तुमच्या मनातल्या किमतीपेक्षा कमी, की बाजारातल्या किमतीपेक्षा कमी? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मनातली किंमत बऱ्याचदा व्हिडिओंमधून आलेली असते. ‘हे नाणं तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती’ छापाचे. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं आठवतंय? त्यावरून केवढा गोंधळ झाला. ते नाणं सरकारनेच काढलेलं, चलनातलं आहे. लाखांना विकलं जात नाही.

दुसरं उदाहरण ‘रामदरबार’ नाण्याचं. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान, आणि खाली १६१६, १७१७, १८१८, १८३९ असं काहीतरी साल. हे कंपनीचं चलन कधीच नव्हतं. नंतरच्या काळात हौसेखातर, पूजेसाठी बनवलेले हे बिल्ले आहेत. त्याला कुणी ५० रुपये म्हणालं तर तो तुम्हाला फसवत नाहीये. व्हिडिओने आधीच फसवलेलं आहे.

म्हणून कमी ऑफर आली की आधी स्वतःला विचारा : माझा आकडा आला कुठून?

तळ ठरवा : धातूचा भाव

चांदीच्या रुपयाला एक तळ असतो. त्याच्या खाली जायचं कारण नसतं. तो तळ काढणं सोपं आहे.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. राणीछाप असो, सातव्या एडवर्डचा असो की पाचव्या जॉर्जचा, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. शुद्ध चांदी भरते साधारण १०.६९ ग्रॅम. सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयापर्यंत हेच प्रमाण. मग युद्ध आलं, चांदी महागली आणि १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. म्हणजे शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया? तो चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा, चिकटेल. चांदीला चिकटत नाही.

आता हिशेब करू. सोपं जावं म्हणून चांदी ग्रॅमला १०० रुपये धरते. तुम्ही विकायच्या दिवशीचा खरा भाव घाला.

समजा डब्यात एक राणीछाप रुपया आहे, पाचव्या जॉर्जचे सहा आहेत आणि १९४४-४५ चे तीन. पहिले सात गुणिले १०६९, झाले ७४८३. पुढचे तीन गुणिले ५८३, झाले १७४९. एकूण ९२३२ रुपये. ही झाली निव्वळ धातूची किंमत. झिजलेली नाणी वजनात थोडी कमी भरतील आणि सराफ मोडीत घेताना काही कापेल, त्यामुळे हातात याहून थोडं कमी येईल. पण कुणी म्हणालं, ‘सगळ्याचे ५००० देतो’, तर आता तुम्हाला रागवायची गरज नाही आणि घाबरायचीही नाही. तो तळाच्या खाली बोलतोय, एवढंच. कोपऱ्यावरचा सराफ याहून जास्त देईल.

तांब्याच्या नाण्यांना मात्र असा तळ नसतो. शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा यांत धातू जेमतेम असतो. तिथे सगळी किंमत संग्राहकाच्या हौसेची.

तळाच्या वर काय असतं?

नाणं जुनं आहे म्हणून महाग असतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. १८६२ चा राणीछाप रुपया घ्या. साल बघून वाटतं, बापरे, दीडशे वर्षांपूर्वीचा! पण टांकसाळींनी त्यावर १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षं छापलं. त्यामुळे ते रुपये भरपूर आहेत. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया तुलनेने नवा, पण मिळत नाही. म्हणून भाव त्याला. आणि म्हणूनच नकलाही त्याच्याच जास्त. तुमच्याकडे १९३९ चा निघाला तर नाचायच्या आधी तपासून घ्या.

भाव ठरवणाऱ्या गोष्टी चार. पहिली, किती उरलेत. दुसरी, किती लोकांना हवेत. तिसरी, कोणत्या टांकसाळीचं आहे आणि त्यात काही वेगळेपण आहे का. चौथी, अवस्था. यातली चौथी आपल्या हातात असते आणि आपणच ती बिघडवतो.

दरवर्षी दिवाळीला चिंच, लिंबू, रांगोळी, पावडर घेऊन घासलेला रुपया देवघरात छान चमकतो. संग्राहकाला मात्र तो नकोसा होतो, कारण वरचा मूळ थर आणि बारीक नक्षी गेलेली असते. तसंच दागिन्यासाठी कडी डाग देऊन बसवलेलं किंवा भोक पाडलेलं नाणं. ते भावनेने अनमोल असेल, पण बाजारात बहुतेक वेळा धातूच्या आसपासच जातं. अशा नाण्याला आलेली कमी ऑफर पुष्कळदा रास्त असते.

विकायच्या आधी चमकवू नका, ही आजच्या एपिसोडमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याची टीप.

खरा भाव कुठे दिसतो?

ॲपवर कुणीतरी लिहिलंय ‘दुर्मीळ नाणं, फक्त ५ लाख’. तो मागितलेला भाव आहे. मागायला पैसे पडत नाहीत. आपल्याला हवा विकला गेलेला भाव. मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद इथे नाण्यांचे लिलाव होतात. त्यांचे कॅटलॉग आणि निकाल ऑनलाइन बघता येतात. तुमच्याच नाण्यासारखं, तेच साल, तीच टांकसाळ आणि साधारण तीच अवस्था, अशी तीन-चार विक्री शोधा. लिलावात कमिशन असतं, म्हणून तो सगळा आकडा विकणाऱ्याच्या खिशात जात नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग प्रदर्शनांचा. पुण्या-मुंबईत दरवर्षी नाण्यांची प्रदर्शनं भरतात, देशभरातले व्यापारी टेबल लावून बसतात. एका हॉलमध्ये पाच जणांना तेच नाणं दाखवा. ‘काका, हे बघाल का? आत्ता लगेच विकायचं नाहीये, फक्त अंदाज हवाय.’ बहुतेक जण प्रेमाने सांगतात. पाच आकडे मिळाले की तुमच्याकडे भावाचा पट्टा तयार झाला.

व्यापारी कमी का सांगतो?

आता थोडं समोरच्याच्या बाजूने बघू. व्यापारी तुमचं नाणं विकत घेतो ते पुढे विकायला. ते महिनाभरात जाईल की तीन वर्षं ट्रेमध्ये पडून राहील, त्याला माहीत नसतं. त्याचे पैसे अडकतात. नाणं नकली निघालं तर तोटा त्याचा. टेबलाचं भाडं, प्रवास हे वेगळंच. त्यामुळे संग्राहक ज्या नाण्याचे २००० देईल त्याचे व्यापारी २००० देणार नाही, देऊच शकत नाही. हा अपमान नाही, धंदा आहे.

मग तुमच्यासमोर निवड अशी असते : व्यापाऱ्याकडून आज कमी पैसे, पण रोख आणि डोकेदुखी नाही. किंवा थेट संग्राहकाला शोधून जास्त पैसे, पण त्यासाठी वेळ, फोटो, शंभर प्रश्न. दोन्ही चालतं. फक्त आपण कशाचे पैसे सोडतोय ते कळलं पाहिजे.

पहिला आकडा डोक्यात घर करतो

एक गंमत सांगते. १९७४ मध्ये ॲमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचे. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के? चक्राचा आणि उत्तराचा काडीचाही संबंध नाही. तरी १० बघणाऱ्यांचा अंदाज मध्यावर २५ टक्के आला आणि ६५ बघणाऱ्यांचा ४५.

‘४०० देतो’ हे तेच चक्र आहे. तो आकडा ऐकला की आपण नकळत ४०० पासून वर चढायला लागतो : ५००? ६००? म्हणून बोलणी सुरू व्हायच्या आधी तुमचे तीन आकडे कागदावर लिहा. तळ, म्हणजे ज्याच्या खाली अजिबात नाही. अपेक्षा, म्हणजे जो मिळाला तर समाधान. आणि सांगायचा भाव, म्हणजे जो जाहिरातीत टाकाल. घासाघीस होणारच आहे, म्हणून सांगायचा भाव अपेक्षेच्या थोडा वर ठेवा. पण तिप्पट ठेवलात तर गंभीर माणूस मेसेजच करणार नाही. उरतील फक्त खडे टाकून बघणारे.

याची दुसरी बाजूही आहे. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये कॉफीच्या मगांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्या हातात मग आला ते त्याची किंमत विकत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट सांगत होते. साधा मग, काही मिनिटांपूर्वी मिळालेला! मग आजीच्या डब्यातल्या रुपयाचं काय होत असेल? आजीची आठवण तुमची आहे. समोरचा फक्त चांदी, साल आणि अवस्थेचे पैसे देणार. आठवण इतकी मोठी असेल तर ते एक नाणं ठेवून घ्या, विकूच नका. बाकीची विका.

उत्तर काय द्यायचं?

आता थेट मेसेज. कॉपी करा, आपल्या भाषेत बदला.

कुणी नुसतंच ‘लास्ट किती?’ विचारलं तर : ‘नमस्कार, भाव १५०० लिहिला आहे. दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन टाकलंय. बघून तुमचा आकडा सांगा.’ आपणच स्वतःचा भाव खाली आणायचा नाही. त्याला बोलू द्या.

फारच कमी ऑफर आली तर : ‘ऑफरबद्दल धन्यवाद. एवढ्यात जमणार नाही. १३०० पर्यंत विचार असेल तर कळवा.’ एका ओळीत नकार, एका ओळीत दार उघडं. भांडण नाही, टोमणा नाही. आज ४०० म्हणणारा आठवड्याने ११०० म्हणतो, असंही होतं. ब्लॉक केला असता तर?

जाणकार माणसाची कमी ऑफर आली तर उत्तर नाही, प्रश्न द्या : ‘काका, तुम्ही ८०० म्हणालात, त्यामागे काय दिसलं? घासलेलं वाटतंय का, की साल कॉमन आहे?’ हा प्रश्न सोन्यासारखा आहे. खरा जाणकार कारण दाखवतो : इथे कडेला घाव आहे, चेहऱ्यावर ओरखडे आहेत. ते ऐका, पडताळून बघा. ज्याच्याकडे कारण नसतं तो ‘मार्केट डाऊन आहे’ म्हणतो.

आणि भाव कमी करायचाच असेल तर फुकट करू नका. ‘दोन घेतलेत तर २६००.’ ‘आज येऊन रोख नेलंत तर १४००.’ तुम्ही काहीतरी सोडलं, त्यानेही काहीतरी सोडलं. नाहीतर त्याला वाटतं, अजून ओढलं तर अजून सुटेल.

‘सगळा डबाच देऊन टाका’

ही कमी ऑफर दिसायला चांगली असते, म्हणून सांभाळा. समोरचा डबा उलटापालटा करतो, चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि म्हणतो, ‘किरकोळ आहे सगळं, पण घेतो. एकच आकडा सांगा.’ शंभर नाण्यांत एखादंच कामाचं असेल आणि त्याला ते दिसलेलं असेल.

दुसरा प्रकार याच्या उलटा. तो फक्त तीन चांगली उचलतो आणि उरलेली सत्त्याण्णव तुमच्याकडेच. मग ती कुणी घेत नाही.

दोन्हीवर उपाय एकच. डबा दाखवायच्या आधी यादी करा. राजा किंवा राणी, साल, मूल्य, सालाखालची खूण, वजन. मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो. एका रविवारचं काम आहे. यादी हातात असली की लॉटचा भाव कुठून आला हे तुम्हाला विचारता येतं. आणि नाणी हाताळताना कडेने धरा, खाली मऊ कापड ठेवा, मोजल्याशिवाय एकही नाणं कुणाच्या हातात देऊ नका.

यादीचा अजून एक फायदा. डबा बहुतेक वेळा एकट्याचा नसतो. आत्या, काका, भावंडं सगळ्यांचा असतो. ‘तू तो रुपया कितीला दिलास?’ हा प्रश्न पुढची वीस वर्षं लग्नाच्या पंगतीत निघू शकतो. आधी फॅमिली ग्रुपवर यादी टाका, मगच विका.

घाई असेल तर

गरजवंताला अक्कल नसते असं आपल्याकडे म्हणतात. खरं तर अक्कल असते, वेळ नसतो. परवा फी भरायची असेल तर पडेल भावही गोड वाटतो. अशा वेळी सगळा डबा काढू नका. साधे, झिजलेले चांदीचे रुपये आधी वेगळे करा, ज्यांची किंमत जवळजवळ धातूइतकीच आहे. दोन-तीन सराफांकडे भाव विचारून गरजेपुरते तेवढेच द्या. चांगल्या अवस्थेतली, शंका असलेली नाणी थांबू द्या. आणि ‘मला अर्जंट पैसे हवेत’ हे वाक्य जाहिरातीत कधीही लिहू नका. ते वाक्यच भाव पाडतं.

कमी ऑफरपेक्षा घातक : खूप मोठी ऑफर

कमी ऑफर देणारा फार तर तुमचा वेळ घेतो. ‘तुमच्या नाण्याचे २५ लाख’ म्हणणारा तुमचं खातं रिकामं करतो. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेचा परवाना’. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे घ्यायचे असतील तेव्हा यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे येणार नाहीत, जाणार आहेत.

कायद्याचं थोडक्यात

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ‘पुरावस्तू’ ठरतं. ते खासगी माणसाने परदेशात पाठवायला बंदी आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून दुबई-लंडनहून कुणी दुप्पट भाव देतो म्हणालं तरी राणीछाप रुपया कुरिअर करायचा नाही. अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. घरची चार विकून झाल्यावर हाच व्यवसाय करावासा वाटला तर आधी तो विषय समजून घ्या. आणि शेतात, पाया खणताना नाणी सापडली तर ती विकायची नसतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मग ‘हो’ कधी म्हणायचं?

ऑफर तळाच्या वर आहे. विकल्या गेलेल्या भावांच्या पट्ट्यात बसते. समोरच्याने नाणं हातात घेऊन बघितलंय. पैसे आत्ता मिळताहेत. आणि हे नाणं गेलं तर तुम्हाला चुकचुकणार नाही. पाचही गोष्टी जुळल्या की शेवटच्या पन्नास रुपयांसाठी ताणू नका. भेट दिवसा, गजबजलेल्या ठिकाणी किंवा दुकानात ठेवा, सोबत कुणालातरी न्या, पैसे खात्यात आलेले बँकेच्या ॲपमध्ये स्वतः बघा. नुसता स्क्रीनशॉट चालत नाही.

आणि तीनच जुळल्या असतील तर ‘विचार करून सांगतो’ म्हणा. चांदीचं नाणं नासत नाही. ते आणखी एक दिवाळी कपाटात आरामात काढेल. या वेळी फक्त चिंचेने घासू नका.

या रविवारी डबा काढा, यादी करा. सालाखालची एखादी खूण कळली नाही तर फोटो पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये आपण टांकसाळींच्या खुणा कशा ओळखायच्या तेच बघणार आहोत. तोवर भेटूया, काळजी घ्या!